सिंगापूर : जेथें कांहीं पिकत नाहीं



मी शाळेंत भूगोल शिकवीत होतों, तेव्हांची गोष्ट. नकाशावर मलाया द्वीपकल्पाच्या टोंकाशीं एक ठिपका दाखवून मीं ‘हें सिंगापूर’ असें सांगितलें. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तेथें पिकतें काय?” मी म्हणालों, “कांहीं नाहीं.” वर्ग हंसला. माझें उत्तर खोटें नव्हतें. पण तें अपुरें होतें. आज तें पुरें करण्याचा विचार आहे.

हें बेट बृहन्मुंबईहून थोडेंच मोठें. खाणी नाहींत, शेती नांवापुरती. पिण्याचें पाणीदेखील पुष्कळसें शेजारच्या जोहोर राज्यांतून येतें. त्याविषयींच्या 1962 च्या कराराची मुदत 2061 सालीं संपते. मग ही नगरी जगते कशावर? तर वाटेवर! हिंदी महासागरांतून चिनी समुद्रांत जाणारा जवळचा मार्ग तिच्या दारावरून जातो. मुंबईचा कापूस आणि अफूही पूर्वीं याच वाटेनें चीनला जात असे. 1819 सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सनें येथें ठाणें घातलें व बंदर जकातमुक्त ठेविलें. लागलीच चिनी, मलायी, अरब, तमिळ, गुजराथी असे नाना देशींचे लोक येथें गोळा झाले.

तेथें तेलोक आयर नांवाचा एक रस्ता आहे. पूर्वीं तो समुद्रकांठ होता; पुढें भराव पडून समुद्र दूर गेला. त्या एकाच रस्त्यावर चिनी लोकांच्या सागरदेवतेचें देऊळ, तमिळ मुसलमानांनीं बांधलेला नागोर दर्गा, एक मशीद आणि एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. वादळांतून सुखरूप उतरलेला खलाशी ज्याच्या त्याच्या देवाचे आभार मानावयास येथें येई. देव निराळे, पण भय एकच!

परंतु देवळें शेजारीं असलीं म्हणजे मनें शेजारीं असतात, असें मात्र नव्हे. जुलै 1964 मध्यें चिनी व मलायी लोकांत दंगल उसळली आणि 23 माणसें प्राणांस मुकलीं. पुढच्याच वर्षीं, 9 ऑगस्ट 1965 रोजीं, सिंगापूर मलेशियांतून वेगळें झालें. तें सांगतांना पंतप्रधान ली क्वान यू यांना अश्रू आवरले नाहींत. अशा घराला भांडण परवडणार कसें? म्हणून मलायी, चिनी, तमिळ व इंग्रजी या चार भाषांना राजमान्यता मिळाली. लोकसंख्येंत सुमारे तीनचतुर्थांश चिनी असूनही राष्ट्रगीत मलायी भाषेंत राहिलें. बहुतेक लोक सरकारनें बांधलेल्या घरांत राहतात. तेथेंही कोणत्याही एका जमातीची वस्ती ठराविक प्रमाणापलीकडे वाढूं नये, असा नियम 1989 सालीं झाला.

या नियमाची किंमतही आहे. ज्या इमारतींत एखाद्या जमातीचें प्रमाण भरलें असेल, तेथें परजमातीच्या माणसाला आपलें घर त्या जमातीच्या गिऱ्हाइकास विकतां येत नाहीं. गिऱ्हाइकें कमी, म्हणून भावही कमी. याचा जाच अल्पसंख्याकांस अधिक होतो. सलोखा तेथें आपोआप उगवलेला नाहीं. तो कायद्याच्या कुंपणांत वाढविलेला आहे. कुंपण किती उंच असावें, याविषयीं मतभेद असूं शकतो.

फळ मात्र डोळ्यांपुढें आहे. 2024 सालीं या बंदरानें वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानें चार कोटींहून अधिक माल हाताळला. त्यांतील बहुतेक माल सिंगापूरचा नव्हेच. तो एका जहाजांतून उतरून दुसऱ्या जहाजांत चढतो. देशाचा परदेशी व्यापार त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे तिप्पट भरतो. परका मनुष्य आपला माल, आपला पैसा दुसऱ्याच्या दारांत ठेवतो, तो तेथें उद्यांही शांतता असेल, या भरंवशावर.

त्या मुलाला आज मी सांगेन, “बाळ, तेथें विश्वास पिकतो. मात्र हें पीक एकदां पेरून भागत नाहीं. त्याची राखण रोज करावी लागते.” ज्या ज्या बंदरांत नाना लोक एकत्र पोट भरतात, त्या सर्वांना हा धडा लागू आहे, आपली मुंबईही त्यांतच आली.