उद्यांचा फ्लॅगशिप फोन

आरमारांत ज्या जहाजावर सेनानायकाचें निशाण फडकतें त्यास फ्लॅगशिप म्हणतात. मोबाइलच्या कारखानदारांनीं हा शब्द आपल्या सर्वांत महाग फोनासाठीं उसना घेतला. उद्यांच्या अशा फोनांत कोणते गुण असावेत ह्याविषयीं जाणत्या मंडळींत मोठा वाद चालतो. कोणी अधिक मोठा कॅमेरा मागतो. कोणी, २०१६ च्या आयफोन ७ पासून एकेका फोनांतून नाहींसें होत गेलेलें हेडफोनचें छिद्र परत मागतो. ह्या मागण्या रास्तच आहेत. परंतु वादाचा खरा कणा बॅटरी हा आहे. ती ज्याची त्याला बदलतां यावी कीं नाहीं ?

२०१४ सालच्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ चें पाठीवरचें झांकण नखानें उघडत असे. आंतली २८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी काढून दुसरी बसविण्यास मिनिटभरहि लागत नसे. शिवाय मीटरभर पाण्यांत अर्धा तास राहण्याची कसोटीहि त्या फोनास लावलेली होती. पुढच्याच वर्षीं आलेल्या एस६ ची पाठ कांचेची व चिकटविलेली. रूप देखणें, पण बॅटरी २५५० वर उतरली आणि मेमरी कार्डाची खांचहि गेली. तेव्हां पाण्यापासून रक्षण हवें तर फोन बंदिस्तच हवा, हें विधान पूर्ण सत्य नव्हे. अर्थात् कारखानदारांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. झांकणाखालची रबरी कड नीट न बसली तर पाणी आंत शिरतेंच. आणि लोकांच्या हातीं द्यावयाची बॅटरी कठीण कवचांत ठेवावी लागते, तें कवच जागा खातें.

पण लिथियमची बॅटरी ही मुळांतच झिजणारी वस्तु आहे. दर वेळीं चार्ज होतांना तिच्यांतील थोडें लिथियम कायमचें निरुपयोगी होतें, आणि उष्णतेनें ही झीज वाढते. गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ साठीं व सॅमसंगनें २०२४ च्या एस२४ साठीं सात वर्षें नवीं सॉफ्टवेअरें पुरविण्याचें वचन दिलें. बॅटरी मात्र इतका काळ कशी टिकावी ?

युरोपीय संघाचे फोनांविषयींचे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांप्रमाणें एक तर मालकाला स्वतः बॅटरी बदलतां आली पाहिजे. नाहीं तर ५०० वेळां पूर्ण चार्ज केल्यावर ८३ टक्के व १००० वेळां केल्यावर ८० टक्के शक्ति तिच्यांत उरली पाहिजे, आणि फोनानें धूळ व पाणी ह्यांना दाद देतां कामा नये. महाग फोनांचे कर्ते ही दुसरी वाट धरतील हें उघड आहे. परंतु रोज एकदां पूर्ण चार्ज करणाऱ्याचे हजार दिवस तीन वर्षांच्या आंतच भरतात !

राहिला जाडीचा प्रश्न. २०२५ चा आयफोन एअर ५.६ मिलिमीटर जाड म्हणून मिरवतो. कॅमेऱ्याचा उंचवटा मात्र त्या मापांत धरीत नाहींत. सारें अंगच त्या उंचवट्याइतकें करून ती जागा बॅटरीला व तिच्या कवचाला दिली, तर खिशाला तो भार जाणवणार नाहीं. सिलिकॉन-कार्बनच्या नव्या बॅटऱ्या तितक्याच जागेंत अधिक शक्ति सांठवितात खऱ्या. परंतु सिलिकॉन चार्ज होतांना फुगतें, म्हणून त्यांच्या बाबतींत तर बदलण्याची सोय अधिकच हवी. चिकटवलेल्या बॅटरीलाहि वाट काढतां येते. २०२४ च्या आयफोन १६ मध्यें बॅटरीखालचा डिंक ९ व्होल्टांची वीज लावतांच मिनिट-दोन मिनिटांत सुटतो.