पदनाम आणि काम : सॉफ्टवेअर व्यवसायातील रोजगाराचा विचार

सॉफ्टवेअर व्यवसायात शिरणाऱ्या तरुणाच्या नेमणूकपत्रावर जे पदनाम छापलेले असते, त्याला तीन ठिकाणी तीन निरनिराळे अर्थ येतात. कंपनीच्या आत त्यावरून वेतनश्रेणी ठरते, ग्राहकाकडून घ्यावयाचा दर त्यावरून आकारला जातो, आणि नोकरी बदलताना किंवा परदेशी जाताना तेच त्या कर्मचाऱ्याची ओळख बनते. या पदनामाचा प्रत्यक्ष कामाशी मेळ असेलच असे नाही, आणि तो मेळ सुटला की त्याचे नुकसान बहुधा कर्मचाऱ्यालाच सोसावे लागते.

भारतातील पदनामांची उतरंड सेवा-उद्योगाच्या हिशेबातून घडली आहे. 1968 साली मुंबईत सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि 1981 साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस अशा कंपन्यांनी जो व्यवसाय वाढवला, त्यात परदेशी ग्राहकाचे काम प्रकल्प म्हणून स्वीकारले जाते आणि पुष्कळदा कोणत्या श्रेणीची किती माणसे किती तास राबणार यावर त्याचे मोल ठरते. त्यामुळे तळाशी प्रशिक्षणार्थींची मोठी संख्या, त्यांच्यावर सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यांच्यावर टीम लीड आणि माथ्यावर मोजके प्रोजेक्ट मॅनेजर अशी रचना उभी राहिली. व्यवसायात तिला ‘पिरॅमिड’ म्हणतात. या रचनेत बढती मिळते ती अनेकदा कौशल्य वाढले म्हणून नव्हे, तर सेवेची वर्षे भरली म्हणून, आणि बढतीबरोबर कोड लिहिणे मागे पडून वेळापत्रके व अहवाल सांभाळणे हेच मुख्य काम होते. अशा कर्मचाऱ्याचा प्रकल्प संपला आणि तो ‘बेंचवर’ आला, म्हणजे ग्राहकाच्या कामाविना पगारावर राहिला, की त्याचे उच्च पदनामच त्याच्या आड येते. कारण त्या श्रेणीचा दर द्यायला ग्राहक तयार नसतो आणि खालच्या श्रेणीचे काम करण्याइतका हात चालू राहिलेला नसतो. जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे 2 टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा भार मुख्यतः मधल्या आणि वरिष्ठ श्रेणींवर पडेल असे सांगितले होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

पदनामामागे कोणते काम आहे, याला अमेरिकेत किती महत्त्व आहे ते तेथील कामगार-सांख्यिकी विभागाच्या अंदाजांवरून दिसते. हा विभाग ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅमर’ आणि ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ यांची गणना वेगवेगळी करतो : आखून दिलेल्या रचनेनुसार कोड लिहितो व तपासतो तो प्रोग्रॅमर, आणि वापरणाऱ्याची गरज समजून घेऊन रचनाच ठरवतो तो डेव्हलपर. 2023 ते 2033 या दशकासाठी विभागाने पहिल्या वर्गातील रोजगार सुमारे 10 टक्क्यांनी घटेल, तर डेव्हलपर व चाचणी करणारे यांच्या वर्गातील रोजगार सुमारे 17 टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज वर्तवला. हा भेद व्हिसाच्या कागदपत्रांतही उतरला होता. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या व्यवसायांसाठी एच-1बी व्हिसा दिला जातो. मार्च 2017 मध्ये अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवेने असे कळवले की, केवळ प्रोग्रॅमर या पदनामावरून नोकरी त्या वर्गात बसते असे मानले जाणार नाही. न्यायालयीन निकालानंतर 2021 साली ती भूमिका मागे घेण्यात आली; पण मधल्या काळात नेमक्या कामाचा तपशील मांडण्याचे ओझे अर्जदार कंपन्यांवर आणि पर्यायाने पुणे, मुंबई, नागपूरहून तेथे जाऊ पाहणाऱ्या अभियंत्यांवरही पडले.

भारतीय कायद्याची दृष्टीही पदनामापेक्षा कामावर आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणाऱ्यांचा समावेश होता, आणि एखादी व्यक्ती त्या व्याख्येत बसते की नाही हे तिच्या मुख्य कामावरून ठरवावे, तिला दिलेल्या पदनामावरून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या एका निकालात स्पष्ट केले. म्हणून ‘मॅनेजर’ ही उपाधी मिळाल्यानेच कुणाचे संरक्षण संपत नाही. मात्र त्यासाठी आपण खरोखर कोणते काम करत होतो, हे कर्मचाऱ्याला पुराव्यानिशी दाखवावे लागते.

आता कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाती आली आहेत, आणि ठरावीक नमुन्याचे काम, जे आजवर नवोदिताच्या वाट्याला येऊन त्याला घडवत असे, तेच ती साधने प्रथम उचलतात. बँकेचा व्यवहार, रुग्णालयातील नोंदी किंवा कारखान्याचा साठा यांची गरज समजून घेणे, त्यानुसार रचना करणे, तयार झालेल्या कोडमधील चूक ओळखणे आणि तिची जबाबदारी घेणे, हे मात्र माणसाकडेच राहते. त्यामुळे नवोदिताने पहिली नोकरी निवडताना पदनाम किती भारदस्त आहे यापेक्षा तेथे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली पूर्ण काम शिकायला मिळेल का, हे विचारणे हिताचे आहे. आणि बढती घेणाऱ्यानेही तांत्रिक कामाशी नाते तुटू न देणे अगत्याचे आहे.

जबाबदारी केवळ कर्मचाऱ्यावर टाकून चालणार नाही. नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभवपत्रात आज बहुधा पदनाम आणि दोन तारखा एवढेच असते. त्यात कर्मचाऱ्याने कोणत्या प्रकारच्या प्रणालीवर, कोणती जबाबदारी घेऊन, किती काळ काम केले, हे ग्राहकाची गुप्तता राखूनही चार ओळींत लिहिता येते. कंपन्यांनी हा प्रघात स्वीकारला, महाविद्यालयांनी तो मागितला आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याचा आग्रह धरला, तर नोकरी गमावलेल्या माणसाला नव्या दाराशी जाताना आपल्या श्रमाचा पुरावा सोबत नेता येईल, आणि तो त्याचा हक्कच आहे.