निरोपाच्या दिवशीची साडी

भाकरी-कालवण उरकून बसल्या असाल, तर दहा मिनिटं माझ्याकडे कान द्या. आज मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद हायस्कूलबद्दल बोलणार आहे.

2014 साली आमच्या बचत गटाला शाळेतली खिचडी शिजवायचं काम मिळालं. तेव्हा मी पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले. पुढं 2019 ला माझी लेक पाचवीत तिथं गेली आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आले. यंदा ती दहावी पास झाली. म्हणजे दहा-अकरा वर्षं ही शाळा मी जवळून बघतेय. काय बदललं, काय तसंच राहिलं, आणि त्यात आपल्या गटांचा हात कुठं होता, ते सांगते. हात चांगल्या कामातही होता आणि वाईट कामातही.

आधी बदललेलं सांगते. मी गेले तेव्हा मुलींच्या संडासाला दार होतं, कडी नव्हती. एक मुलगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. पाचव्या-सहाव्या तासाला मुली पाणीच प्यायच्या नाहीत. समितीत तीन हिस्से पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात, असा कायदाच आहे. पण आम्ही बाया सही करायचो, चहा प्यायचो, घरी यायचो. पहिल्यांदा तोंड उघडलं ते कडीसाठी. गुरुजी जरा गोरेमोरे झाले, पण आठवड्यात कडी बसली. मग पाणी आलं, नंतर पॅडची सोय झाली. एका कडीनं आम्हाला बोलायची सवय लावली, असं म्हणा ना.

बाकीचं तुम्हालाही माहीत आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, त्यामुळं वस्त्यांवरच्या पोरी दिसायला लागल्या. काहींना सायकली मिळाल्या. वर्गात मोठा टीव्ही आला. दहावीच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा, एनएमएमएस म्हणतात ती, आमची मुलं द्यायला लागली. त्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मग कोरोना आला. घरात एकच फोन आणि तो बापाच्या खिशात. 2021 ला दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही, शाळेतल्या गुणांवर निकाल लागला.

आणि तसंच काय राहिलं? रुळाच्या तुकड्याची घंटा तीच आहे. 15 ऑगस्टची प्रभातफेरी तीच. नवरात्रात मुलींचा भोंडला असतो. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून मुली भाषणं करतात. दहावीची मुलं जाताना वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ देतात. ऑफिसात सात घड्याळं आहेत, चालू तीन. आणि निरोप समारंभाला दहावीच्या मुली साड्या नेसतात. आईची, मावशीची, वहिनीची, जी मिळेल ती.

या साडीपाशीच मला आज थांबायचंय.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीचं. दसरा झाला की गाड्या लागतात आणि निम्मं गाव कारखान्याच्या वाटेला लागतं. परत येणार उन्हाळ्यात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेक पंधरा-सोळाची झाली की आई-बापाला घोर लागतो. सोबत नेली तर शाळा बुडते. मागं ठेवली तर म्हाताऱ्या आजीजवळ, आणि काही वाईट-वाकडं झालं तर जबाबदार कोण? मग सोयरे म्हणतात, उजवून टाका. नवा कोयता तयार होतो, उचलही मिळते. यात आई-बापांना लेक नकोशी असते असं नाही हो. त्यांना भीती असते.

2016 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईनं 20,000 रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं, 'घरगुती कार्यक्रम'. कार्यक्रम कसला ते सगळ्यांना माहीत होतं. तिची लेक दहावीत होती, सोळा वर्षांची. मुकादमाची गाडी चार दिवसांवर आली होती. मी समन्वयक, ठराव मीच लिहिला. कुणीच काही विचारलं नाही, मीही नाही. मनात म्हटलं, तिचं घर, तिची लेक, आपण कोण?

ते कर्ज वेळेवर फिटलं. एकही हप्ता चुकला नाही. आमच्या वहीत ते सगळ्यात चांगलं कर्ज आहे. आणि फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला, तेव्हा त्या वर्गातल्या मुली साड्या नेसून आल्या. ही मुलगी तेव्हा साडी नेसून उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. आपण दर बैठकीला दशसूत्री म्हणतो, त्यात शिक्षण आहे. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या तोंडातून सरळ निघेना.

दोन वर्षांनी मी हे बैठकीत बोलून दाखवलं. त्या ताईंचं नाव घेतलं नाही, माझ्याच सहीचं सांगितलं. पुष्कळ वाद झाला. एक जण म्हणाली, "गट पैशासाठी हाय, लोकांच्या पोरीसाठी न्हाई." पण शेवटी ठराव झाला. लग्नासाठी कर्ज मागितलं तर मुलीचा जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला लावायचा. अठरा पूर्ण नसतील तर कर्ज नाही. कायदा आपल्या बाजूनं आहे. बालविवाह लावणाऱ्याला, त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवकाला सांगता येतं, 1098 या नंबरवर फोन करता येतो.

पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. भीतीचं काय करायचं? म्हणून दसऱ्याआधी आम्ही यादी करायला लागलो. कोणत्या घरची मोठी मुलगी मागं राहतेय? त्या मुलीमागं गटातल्या दोन बाया. संध्याकाळी एक चक्कर टाकायची, पीठ-मीठ बघायचं, आजी आजारी असली तर रात्री सोबतीला जायचं. आई फडातून फोन करते तेव्हा आम्ही तिला सांगतो, "पोर जेवली, अभ्यासाला बसलीय." याला पैसा लागत नाही. तरी सगळ्या मुली थांबल्या असं मी म्हणणार नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत शाळा बंद, आणि गुपचूप लग्नं झालीच. दोन आम्हाला कळली तीही हळद लागल्यावर. एक थांबली, एक नाही.

आता साडीचं. एका वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं की यंदा निरोपाला साडी नको, गणवेशातच या. साडीतले फोटो सोयऱ्यांच्या मोबाइलवर फिरतात, त्यावरून स्थळं येतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांची काळजी खोटी नव्हती. मलाही ते पटलं होतं. पण मुली रुसल्या. एक जण धीटपणे मला म्हणाली, "काकू, साडीनं काय केलंय? लगीन तर ड्रेसातल्या पोरीचं बी लावतेत. तुमी साडी बंद करू नका, लगीन बंद करा."

मी गप्प झाले. समितीच्या बैठकीत आम्ही सांगितलं, साडी राहू द्या. फक्त त्या दिवशी आयांना बोलवा.

तेव्हापासून आमच्या निरोप समारंभात एक नवी रीत पडली आहे. साडी नेसलेली मुलगी आणि तिची आई दोघी माइकपाशी येतात. आई मुलीचं नाव सांगते, जन्मतारीख सांगते, आणि दहावीनंतर ती काय शिकणार ते सांगते. अकरावी, आयटीआय, नर्सिंग, जे असेल ते. ज्यांच्या आया तोडीवर आहेत त्यांना गुरुजी फोन लावतात आणि फोन माइकला धरतात. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत असतो. आई ओरडून सांगते, "मही लेक अकरावीला जाणार हाय!" सगळ्या गावासमोर आई बोलली की मग सोयऱ्यांना 'नाही' म्हणायला तिला आधार होतो. यंदा माझ्या लेकीच्या वेळी माइक माझ्या हातात आला, तर जन्मतारीख सांगताना माझाच आवाज कापला. इतकी वर्षं दुसऱ्यांना बोलायला लावत होते.

आणि ती 2016 ची मुलगी? तिला आता दोन लेकरं आहेत. मी तिच्या सासरी गेले, सासूशी बोलले, एकदा नाही, चारदा. तिनं 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पहिल्यांदा गणित राहिलं, जुलैच्या पुरवणी परीक्षेत ते निघालं. गुणपत्रिका दाखवायला ती माझ्या घरी आली. त्यावर तिच्या आईचं नाव छापलेलं होतं, त्याच आमच्या ताईंचं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काकू, आता पुढचं सांगा." तिच्या बारावीच्या फॉर्मची खटपट चालू आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत दोनच गोष्टी करा. आपल्या गावच्या आठवी ते दहावीच्या मुलींची यादी करा आणि दसऱ्यानंतर कोण कुणाजवळ राहणार ते लिहा. आणि कर्जाच्या कारणात 'घरगुती कार्यक्रम' असं दिसलं, तर एकदा विचारा, कार्यक्रम कुणाचा आहे आणि तिचं वय किती?

शाळा मधेच सुटलेली कुणी सून तुमच्या घरात असेल, तर तिचा दाखला शोधून ठेवा. 17 नंबरचा फॉर्म परीक्षेच्या बरेच महिने आधी भरावा लागतो, म्हणून आत्ताच हायस्कूलमध्ये जाऊन विचारा.

येते मी. नमस्कार.