रोलर ओढणाऱ्याचा हंगाम



स्नेहसंमेलनातला प्रमुख पाहुणा म्हणजे बक्षिसं आणि जेवण यांच्या मधे उभा असलेला माणूस. त्यातून टेबलावर ढाली-चषक मांडून ठेवलेले असले, की त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तेव्हा उपदेशाला फाटा देऊन एका संघाच्या एका हंगामाची हकिकत ऐकू या. हंगाम १९११ सालचा. सामने २३, विजय ६, पराभव १५, अनिर्णित २. असा निकाल घेऊन आपल्या महाविद्यालयाचा संघ परतला असता, तर आज त्याला या स्टेजवर कोणी बोलावलं नसतं.

हा इंग्लंडला गेलेला पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ. पारशी खेळाडू त्याआधी १८८६ आणि १८८८ साली विलायतेला जाऊन आले होते; पण हिंदू, मुसलमान आणि पारशी एकाच संघातून तिथे उतरले ते पहिल्यांदाच. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघं १९. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाची धामधूम होती. महाराज मोजकेच सामने खेळले. बाकीचा वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला. संघ मात्र या गावाहून त्या गावाला जात, गार हवेत आणि अनोळखी खेळपट्ट्यांवर जवळजवळ रोज मैदानात होता. सुरुवातीला पराभवांची रांगच लागली.

या हरणाऱ्या संघात पस्तिशीचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. नाव बाळू पळवणकर. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी टिपले. दौऱ्यातल्या प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांचे बळी ७५, आणि सगळे सामने धरले तर ११४. खांदा दुखत असतानाही त्यांनी चेंडू खाली ठेवला नाही, कारण दुसऱ्या टोकाला तेवढ्या भरवशाचं कोणी नव्हतं.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करी नोकरीत. धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही पुढे नावाजलेले क्रिकेटपटू झाले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यात, पारशांच्या क्लबच्या मैदानावर: झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर काम मिळालं. तिथे नेट बांधायचं, रेषा आखायच्या आणि साहेब सरावाला आले की गोलंदाजी करायची.

त्यातले एक साहेब म्हणजे जे. जी. ग्रेग. चांगले फलंदाज, पण फिरकीवर आणखी हात बसावा म्हणून इतरांच्या आधीच नेटमध्ये हजर व्हायचे आणि बाळूंना चेंडू टाकायला लावायचे. आपल्याला बाद केलंस तर दर खेपेला आठ आणे, असा त्यांचा सौदा होता, असं सांगतात. ते खरं असेल, तर महिन्याला आठदा साहेबांची दांडी उडवली की पगाराइतकी वरकमाई! मात्र त्या नेटमध्ये बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, चेंडू नोकराने टाकायचा.

पुण्यातल्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. चेंडू वळवणारा माणूस समोर दिसत होता, पण तो अस्पृश्य. बरीच चर्चा झाली आणि अखेर बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत. चहाची वेळ झाली की मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीचे कप आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं पानही वेगळं. पंच एकच, धावफलक एकच. पंगत तेवढी निराळी.

पुढे बाळू मुंबईत आले. रेल्वेत नोकरी लागली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा गाजलेला सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. जिंकल्यावर वर्तमानपत्रांतून धावांइतकीच चर्चा झाली ती पंगतीची. मैदानात खांद्याला खांदा लावणाऱ्याला चहाच्या वेळी दूर का बसवायचं, हा प्रश्न आता जाहीरपणे विचारला जाऊ लागला.

पुन्हा १९११ कडे येऊ. पराभवांच्या त्या रांगेनंतर लेस्टरशायरविरुद्ध विजय मिळाला. त्यात डॉ. होरमसजी कांगांनी १६३ धावा केल्या. मुंबईतली कांगा लीग आजही त्यांच्याच नावाने खेळली जाते. मग सॉमरसेटलाही नमवलं. त्या सामन्यात शिवरामने शतक ठोकलं आणि तो शेवटपर्यंत नाबाद राहिला. तिकडे कलकत्त्यात त्याच उन्हाळ्यात, २९ जुलैला, मोहन बागान या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. बागानचे एक सोडून सगळे खेळाडू अनवाणी होते, समोरचे गोरे शिपाई बूट घालून. साहजिकच देशभर डंका वाजला तो फुटबॉलचा. क्रिकेटचा संघ हरूनच परत आला.

तरीही मुंबईत बाळूंचा सत्कार झाला तो त्यांच्या समाजबांधवांनी मनापासून घडवून आणलेला. या सत्काराच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजचा एक तरुण विद्यार्थी होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. विद्यार्थी मित्रांनो, त्या वेळी ते तुमच्याच वयाचे होते.

कर्णधारपद मात्र बाळूंना मिळालं नाही. हिंदू संघात त्यांच्याइतका अनुभवी खेळाडू क्वचितच असेल, तरी दर वर्षी दुसरंच नाव पुढे यायचं. १९२० साली त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. अखेर बाळू उपकर्णधार म्हणून परतले. १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन संघांची त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. ज्या घरातल्या थोरल्याने तीन रुपयांवर मैदान झाडलं, त्याच घरातला धाकटा आता क्षेत्ररक्षण लावत होता आणि त्याने दाखवलेल्या जागी सगळ्या जातींचे खेळाडू जाऊन उभे राहत होते.

एवढं झाल्यावर बाळू आणि डॉ. आंबेडकर यांचं सूत कायम जुळलं, असं मात्र नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी दोघांचे विचार वेगळे होते. १९३७ च्या निवडणुकीत तर मुंबईत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. आपल्या आवडीच्या माणसांनी एकमेकांशी कायम गोडच वागावं, असं आपल्याला वाटतं. इतिहास ते मनावर घेत नाही.

या कथेचा एक धागा सोलापुरातही येतो. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेचं विद्यार्थी वसतिगृह सुरू झालं ते आपल्या सोलापुरात. तरुण पोरं वाईट नादाला लागू नयेत म्हणून याच सभेने मुंबईत हॉकीचा क्लबही चालवला. म्हणजे पुस्तक आणि खेळ दोन्ही एकाच संस्थेच्या कामात होते. दुसऱ्याच वर्षी, १९२६ साली, याच शहरात पॉली उम्रीगर जन्मले. भारताचे कर्णधार झाले आणि कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचं नाव सोलापूरकरांना सांगावं लागत नाही. बाळूंचं सांगावं लागतं.

आता थोड्याच वेळात चषक वाटले जातील, फोटो निघतील आणि ते महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून येतील. अंकाच्या संपादक मंडळाला एकच विनंती. संघाच्या फोटोखाली नावं देताना, पहाटे पाणी मारून मैदान तयार करणाऱ्या, चुन्याच्या रेषा आखणाऱ्या मामांचंही नाव पूर्ण, आडनावासकट छापा. फोटो काढताना त्यांना बाजूला उभं न करता खेळाडूंच्या रांगेत खुर्ची द्या. फोटोग्राफर अजून इथेच आहेत आणि मामाही मंडपामागे खुर्च्या लावताना दिसले. संयोजकांनी त्यांना आधी बोलावून घ्यावं, मग बक्षीस समारंभ सुरू करावा.