एका बिंदूने विखुरलेला प्रकाश

(भंडारा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आपला भंडारा जिल्हा भाताचा. भात गिरणीच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली की कोंड्याची धूळ तीत चमकू लागते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. धूळ प्रकाश विखुरते, म्हणूनच ती तिरीप दिसते. परंतु तेथे कण असंख्य असतात. विखुरणारा कण एकच असेल तर काय होईल?

शास्त्रज्ञांनी त्यासाठी घेतला तो पुंजबिंदू, म्हणजेच क्वांटम डॉट. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचे हे इवलेसे बेट असते. रुंदी सुमारे २० नॅनोमीटर, केसाच्या जाडीच्या काही हजार पटींनी लहान. त्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात. लेसरचा रंग त्या पातळ्यांमधील अंतराशी तंतोतंत जुळला, तरच बिंदू त्याला दाद देतो. धूळ असा भेद करीत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. लेसरच्या लखलखाटात एका बिंदूचा प्रकाश शोधणे म्हणजे भर दुपारी काजवा शोधणे! त्यासाठी स्फटिक उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात आणि परतीच्या वाटेवर ध्रुवीकरणाची आडवी चाळणी बसवितात. तीमुळे परतणारा लेसरप्रकाश एक कोटी पटींपर्यंत मंदावता येतो. बिंदूचा प्रकाश मात्र बराचसा पार होतो. या साऱ्या उद्योगात मला सर्वाधिक कौतुक या चाळणीचे वाटते.

एक प्रकाशकण सोडल्यावर बिंदूला पुन्हा ऊर्जा घ्यावी लागते. म्हणून दोन कण एकदम बाहेर पडत नाहीत. लेसर मंद असेल तर विखुरलेला प्रकाश लेसरइतकाच शुद्ध रंगाचा असतो. तो प्रखर केला की एका रंगरेषेच्या तीन होतात. बेंजामिन मोलो यांनी १९६९ साली हे गणिताने दाखविले होते.

गुप्त संदेशाची किल्ली प्रकाशकणांतून पाठविता येते. दोन कण एकत्र गेले, तर चोरटा एक ठेवून घेऊन दुसरा पुढे जाऊ देईल. कण एकटा असला की त्याला हात लावताच खूण राहते.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्याच्या चार केंद्रांपैकी एक मुंबईच्या आय.आय.टी.त आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तराला अशा किल्लीची आज निकड आहे, असे मी म्हणणार नाही. शाळेत मात्र आरंभ करता येईल. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून खेळण्यातल्या लेसरचा झोत सोडावा; त्याची वाट मुलांना स्वच्छ दिसेल. झोत कोणाच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढे शिक्षकांनी पाहावे.