तांब्यावर कोरलेला गणपती

शिरूर तालुक्यात रांजणगावला महागणपती आहे. त्रिपुरासुरावर चालून जाण्यापूर्वी शंकरांनी याचीच आराधना केली, अशी तिथली कथा. दौंडहून निघून भीमा ओलांडली की सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक. या मुलखात गणपती म्हटले की आधी शेंदूरच डोळ्यांपुढे येतो.

लंडनमध्ये १८१० साली छापला गेलेला गणपती मात्र शेंदराविना होता.

एडवर्ड मूर हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. टिपूविरुद्धच्या मोहिमेत तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर होता. १८०० साली तो चिंचवडला गेला. गणेशभक्त मोरया गोसावींच्या वंशातले ‘देव’ म्हणवले जाणारे पुरुष हे साक्षात गणेशाचा अवतार, ही श्रद्धा त्याने तिथे पाहिली आणि तिच्यावर लेख लिहिला. जमवलेल्या मूर्ती आणि चित्रे घेऊन तो विलायतेला परतला आणि १८१० साली ‘हिंदू पँथिऑन’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात १०५ चित्रपृष्ठे आहेत.

तेव्हा युरोपात ग्रीक-रोमन कलेचे वारे होते. जॉन फ्लॅक्समनची होमरच्या काव्यांवरची चित्रे १७९३ मध्ये निघाली. त्यांत छाया नाही, रंग नाही, फक्त स्वच्छ रेघ. मूरच्या ग्रंथातली बरीच चित्रे याच वळणाची. कारागीर टोकदार पोलादी हत्याराने तांब्याचा पत्रा कोरी, चरांत शाई भरी, वरची पुसून घेई आणि ओलसर कागद दाबून ठसा काढी.

या रेघेने रंग गेला, पण कोणत्या हातात काय आहे, वाहन कोणते, हे लख्ख दिसू लागले. पंडितांना तेच हवे होते. सर विल्यम जोन्स यांनी गणेशाची सांगड रोमन जेनसशी आधीच घातली होती, कारण दोघांचेही स्मरण कार्यारंभी होई. आता असे देव शेजारी मांडून ताडता येऊ लागले.

रंग परत आला तो शिळाप्रेसवर. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे. शरीराची ठेवण आणि छायाप्रकाश युरोपीय धाटणीचेच, पण गिऱ्हाईक घरचे. मूरचा ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहिला. रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वतीला मात्र लोकांनी चौकटीत बसवले, कुणी तिच्या छापील लुगड्यावर जर आणि टिकल्याही चिकटवल्या.