पाय ठेवायला जागा

आज विषय आहे विमानातल्या खुर्चीचा. हसू नका. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या मुली आज पुण्या-बंगळुरूला आहेत, कुणी दुबईला, कुणी अमेरिकेत. मुलीचं बाळंतपण आलं की आई निघते, आणि आईचे गुडघे काही वीस वर्षांचे नसतात.

काटोल रोडनं नागपूरला जाणारी आपली एसटी आठवा. मागच्या चाकावरची ती सीट, जिथं बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण त्या सीटला काही पाव तिकीट लागत नाही. म्हणून गाडीत चढल्या चढल्या आपण ती सोडून दुसरी बघतो. विमानातही अशा सीटा असतात. फरक एवढाच की तिथं जागा घरी बसून, फोनवर निवडायची असते. डोळ्यांनी बघायला मिळत नाही.

आमच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. डाव्या गुडघ्याला संधिवात, पाय फार वेळ दुमडून ठेवता येत नाही. दोन वर्षांमागे त्या मुलाकडे बंगळुरूला गेल्या. मुलानं प्रेमानं जास्तीचे पैसे भरून सगळ्यात पुढची, पहिल्या रांगेतली खुर्ची घेतली. पुढे कुणीच नाही, म्हणजे आईला पाय पसरायला जागाच जागा, असं त्याला वाटलं. काकू उतरल्या तेव्हा दोन्ही पावलं सुजली होती.

झालं काय? पहिल्या रांगेपुढे भिंत असते. दुसऱ्या रांगांमध्ये पाय समोरच्या खुर्चीखाली सरकवता येतो, भिंतीखाली सरकत नाही. शिवाय पुढे खुर्ची नसल्यानं विमान उडताना आणि उतरताना पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत, ती वरच्या कप्प्यात जाते. काकूंची उंची जेमतेम पाच फूट. त्यांचे पाय जमिनीला टेकतच नव्हते, आणि ज्या पिशवीवर टेकवले असते ती वर गेली. गोळ्याही त्यातच. मांडीखाली खुर्चीची कड रुतत राहिली.

हे ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की जागेचा सगळा हिशोब उंच माणसांसाठी केलेला असतो. साध्या वर्गात एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत साधारण 28 ते 31 इंच अंतर असतं. ती काही मोकळी जागा नव्हे, त्यात खुर्चीची जाडीही आली. सहा फुटी माणसाचे गुडघे पुढे अडतात, आपल्या बायकांचे पाय मात्र लोंबकळतात. पैसे एकच, दुखणं वेगळं.

मागच्या वर्षी काकूंच्या मुलीला अमेरिकेत दिवस गेले. दिल्लीहून न्यूयॉर्कला सरळ जाणारं विमानही 15 तासांच्या आसपास घेतं. मुलगी म्हणाली, "आई, या वेळी तुला फर्स्ट क्लासमध्ये आणते." काकूंनी किंमत ऐकली आणि फोन माझ्या हातात दिला. "हिले सांग वो बाई, एवढ्यात दोन गायी येतात. मी नाही येत."

खरं सांगते, मी आधी काकूंच्याच बाजूनं होते. मग वाचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धोका मुळात लहानच आहे, घाबरायचं कारण नाही. आणि तो विमानापुरता नाही, बस, रेल्वे, मोटार सगळीकडे आहे. पण सुजरे पाय आणि 15 तास, म्हणजे विचार तर करावाच लागेल. काकूंना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, जा, पण तासा-दीड तासानं उठून चाला, पाणी प्या, बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करा.

मग आम्ही तिघी व्हिडिओ कॉलवर बसलो. मुलीनं खुर्च्यांचा नकाशा दाखवला. पायाला सगळ्यात मोकळी जागा असते ती आपत्कालीन दरवाज्याच्या रांगेत. पण ती काकूंना पैसे देऊनही मिळणार नव्हती. वेळ आली तर तो दरवाजा उघडायला मदत करावी लागते, म्हणून गरोदर बाई, लहान मूल, अधू गुडघ्याचं किंवा व्हीलचेअर मागितलेलं माणूस तिथं बसवत नाहीत. बरोबरच आहे ते. सगळ्यात मागची रांगही सोडली. पाठ बहुतेक मागे जात नाही, आणि संडास शेजारी.

राहिली वाटेकडेची खुर्ची. उठायला कुणाला विनवावं लागत नाही, आणि एक पाय वाटेत सरळ करता येतो. पण कुठला पाय? नागपूर-दिल्लीच्या विमानात बहुधा वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या असतात. डावीकडे ए, बी, सी, उजवीकडे डी, ई, एफ. सी वर बसलं तर वाट आपल्या उजव्या हाताला, डी वर बसलं तर डाव्या हाताला. काकूंचा दुखरा पाय डावा, म्हणून डी. मोठ्या विमानात अक्षरं बदलतात, तेव्हा नकाशात विमानाचं तोंड वर धरायचं आणि वाट कुठल्या हाताला येते ते बघायचं. खाण्याची गाडी आली की पाय आत ओढून घ्यायचा, एवढं ध्यानात ठेवा.

आता ते फर्स्ट क्लास. आपण पुढच्या सगळ्या मोठ्या खुर्च्यांना तेच म्हणतो, पण बहुतेक ठिकाणी तो बिझनेस क्लास असतो. खरा पहिला वर्ग मोजक्याच मोठ्या विमानांत, अगदी नाकाशी. लांबच्या विमानात बिझनेसची खुर्ची सहसा आडवी होऊन खाट बनते. पण तिथंही सगळ्या जागा सारख्या नाहीत. पुष्कळ विमानांत पावलं समोरच्या खुर्चीच्या बाजूच्या एका खोक्यात जातात, आणि ते खोकं अरुंद असतं. गुडघा ताठ असला, कूस बदलायची असली, की अडकल्यासारखं होतं. इथं मात्र पहिली रांग बऱ्याचदा बरी, कारण भिंतीपाशी पावलांना जागा थोडी ऐसपैस असते. म्हणजे साध्या वर्गात जी रांग काकूंना नडली, तीच इथं कामाची. त्या भिंतीशी तान्ह्या बाळाचा पाळणाही लावतात, तेव्हा रडं ऐकायची तयारी हवी. मुलीनं कंपनीला फोन करून नेमकं विमान कोणतं, पावलांची जागा किती, हे विचारलं. विचारायला पैसे पडत नाहीत.

पैशाचं काकूंनीच ठरवलं. "जातानी साधी, येतानी मोठी. जातानी पोरगी पाहाची घाई असते, पाय दुखत नाही."

आणखी एक. सीट निवडताना फोनवर सगळ्या खुर्च्यांपुढे आकडे दिसतात, आणि पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं वाटतं. बहुतेक वेळा निवड न करता पुढे जाता येतं, मग कंपनी देईल ती जागा फुकट. मधली मिळाली तर काउंटरवर गुडघ्याचं सांगून वाटेकडेची मागा. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा, आयत्या वेळी धावपळ होते. बारा वर्षांपर्यंतचं मूल सोबत असेल, तर त्याला आई किंवा वडिलांशेजारीच जागा द्यायची, असं विमान खात्यानं 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. त्यासाठी वेगळे पैसे भरायची घाई करू नका.

काकू गेल्या महिन्यात परत आल्या. जाताना वाटेकडेच्या खुर्चीत दर तासाला उठल्या, पिशवी समोरच्या खुर्चीखाली ठेवून पाय त्यावर टेकवले. थोडी सूज आली, दुसऱ्या दिवशी उतरली. येताना मोठ्या खुर्चीत दोन तास ताठ बसून राहिल्या, कारण आडवं व्हायचं बटण कुठलं ते कुणाला विचारावं कळेना. शेवटी हवाईसुंदरीनंच येऊन खाट करून दिली.

"पाय पार लांब केला मी," त्या सांगत होत्या. "गुडघा काही बोलला नाही. पण नातू डोळ्यापुढून हलेना, झोप कुठची येते बाई."